कोकराविना वल्हांडण

अदार महिना, दिवस अठरावा

जब्दी कुंभाराने आज फुटक्या रांजणाची तीन खापरं दिली. दिव्याची काजळी खरवडून, डिंक घालून शाई केली. बाबा यरुशलेमात लोकांची खतं-करार लिहून द्यायचे. मुलगा नव्हता म्हणून अक्षरं मला शिकवली. ती अशी कामाला येतील असं वाटलं नव्हतं. पण डोक्यात जे फिरतं ते सांगायला इथे कोणी नाही, आणि जिच्या घरी राहते त्या योहानासमोर रडायचं नाही असं मी ठरवून टाकलंय.

रोमी सैन्याने वेढा घालून यरुशलेम आणि तिथलं मंदिर जाळलं, आणि मला लोदला येऊन सहा महिने झाले. वीस वर्षं इथली ही माणसं दर वल्हांडणाला, आमच्या वसंतातल्या मोठ्या सणाला, यरुशलेमात माझ्या घरी उतरायची. एकोणीस जणांचा मेळ, सगळ्यांत मिळून मंदिरात कापायचं एक कोकरू, आणि ते जब्दीच्या खांद्यावर. आमच्या शहरात सणाच्या पाहुण्यांकडून भाडं घ्यायची रीत नव्हती. गच्ची त्यांची, अंगणातली भट्टी त्यांची. जाताना कोकराचं कातडं तेवढं आमच्यासाठी ठेवून जायची. आता मी त्यांच्या घरी उतरले आहे, आणि माझ्याकडे ठेवून जायला काहीच नाही.

खापर संपलं.


अदार, दिवस तेविसावा

आज योहानाशी वाजलं. चूक माझीच. ती पीठ मळत होती आणि मी म्हटलं, "पाणी जरा जास्त झालंय."

तिने हात थांबवले. "ताई, तुमच्या घरी वीस वर्षं आले. तुम्ही म्हणाल तिथे भांडं ठेवलं, म्हणाल तिथे झोपले. एकदा तरी म्हटलं का, की तुमच्या डाळीत मीठ कमी आहे?"

"कमी असायचं?"

"दर वर्षी!"

मला हसू आलं, तिला नाही आलं. तिचा नवरा उत्तरेकडे लढायला गेला तो परतला नाही. घरात सासरा तोबियाह, ऐंशीच्या पुढचा, कानाने थोडा कमी पण जिभेने नाही. शिवाय मी. शिवाय कसीया.

कसीया सात वर्षांची असेल, आठचीही असेल, तिलाही ठाऊक नाही. शहर पडल्यावर शिपायांनी कोणाला सोडलं, कोणाला साखळीत बांधलं, त्याला काही धरबंध नव्हता. मला सोडलं. वेशीतून बाहेर पडताना कोणीतरी माझ्या शालीचं टोक धरलं, आणि लोदपर्यंत सोडलं नाही. ती ही. बोलते व्यवस्थित, हसतेही. पण ताटातली भाकरी पूर्ण कधी खात नाही. उरलेला तुकडा कुठे जातो ते मला कळत नाही. कोंबड्यांना घालत असेल.


निसान महिना, दिवस पहिला

यवने गावच्या धर्मपंडितांकडून माणूस आला: चंद्र दिसला, निसान लागला. म्हणजे पंधरा दिवसांत वल्हांडण.

निरोप्या गेला तरी अंगणात कोणी हललं नाही. एरवी या दिवशी इथे काय गडबड उडत असेल! कोण येणार, कोकरू कोणाच्या कळपातलं, चपलांचे पट्टे कोणी बदलायचे. जब्दी आला होता. शेवटी तोच म्हणाला, "मग? यंदा कसं?"

"कसं म्हणजे?" तोबियाह अब्बा गरजले. "कोकरू कापायचं. चौदाव्या दिवशी, संध्याकाळच्या आत. लिहिलेलं आहे."

"अब्बा, लिहिलेलं हेही आहे, की हवं तिथे कापायचं नाही. परमेश्वराने निवडलेल्या जागीच."

"ती जागा आता कुठे आहे? दाखव मला."

तेवढ्यात योहानाचा धाकटा भाऊ योएझेर आला. शहर पडल्यापासून त्याने मांस आणि द्राक्षारस दोन्ही सोडलंय. त्याच्यासारखे गावात आणखी सात-आठ जण आहेत. तो म्हणाला, "सण कसला करताय? वेदी नाही, याजक नाहीत. त्या दिवशी उपास करा आणि राख फासून बसा."

"राख फासून तू बैस," योहाना म्हणाली. "धुवायला पाणी मला आणावं लागतं."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी यरुशलेमची, मंदिर माझ्या गच्चीवरून दिसायचं, म्हणजे मला ठाऊक असणार. मला काय ठाऊक? भट्टी किती तापवायची, डाळिंबाच्या काठीवर कोकरू कसं चढवायचं, हाड मोडू न देता एकोणीस जणांना कसं वाढायचं, हे ठाऊक आहे. कोकराशिवाय वल्हांडण कसं करायचं हे मला कोणी शिकवलं नाही.

मी म्हटलं, "विचार करून सांगते." यरुशलेमात काहीच सुचलं नाही की आम्ही असंच म्हणायचो.


निसान, दिवस चौथा

आज अब्बांबरोबर बांधावर बसले होते. जव पिवळं पडत आलंय. मी विचारलं, "तुम्हाला कोकरूच का हवं?"

म्हणाले, "पोरी, तुला वाटतं हा सण तुझ्या मंदिरातला आहे. माझ्या आज्याचा आजा हेब्रोनकडच्या डोंगरातला मेंढपाळ. त्यांच्यात सांगायचे, की आपले पूर्वज मिसर देशात, फारो राजाच्या गुलामीत जायच्याही आधी वसंतातल्या पुनवेला कोकरू कापायचे. दुसऱ्या दिवशी कळप नव्या कुरणाकडे हलवायचा असायचा ना. एजोबाच्या झुडपाची जुडी रक्तात बुडवून तंबूच्या खांबांना लावायची, वाटेत बाधा होऊ नये म्हणून. बाधा तंबू ओलांडून पुढे जावी."

"आणि ती न फुगवलेली, बेखमीर भाकरी?"

"ती शेतकऱ्यांची. नवं जव निघालं की जुनं खमीर टाकून द्यायचं, सात दिवस नव्या पिठाची साधी भाकरी खायची. मेंढपाळांचं कोकरू आणि शेतकऱ्यांची भाकरी, दोघांचे सण एकाच पुनवेच्या आसपास. मग मिसरातून सुटका झाली तीही त्याच महिन्यात. तेव्हापासून दोन्ही सण त्या सुटकेचे झाले. तंबूचा खांब होता तिथे दाराची चौकट आली. पुढे एका राजाने फर्मान काढलं, की आपापल्या दारात नाही, सगळ्यांनी यरुशलेमला यायचं. म्हणून तुझी गच्ची भरायला लागली."

खरं-खोटं अब्बांना ठाऊक आणि त्यांच्या आज्याच्या आज्याला. पण मी घरी येईपर्यंत त्याच विचारात होते. मी जन्मभर समजत होते की वल्हांडण आमच्या शहराचं, आणि बाकीचे लोक तिथे पाहुणे. हा सण तर मंदिराच्याही आधीपासून चालत आलाय. कोण कोण माणसं, कुठल्या कुठल्या कुरणांतली, आणि एकानेही तो खाली ठेवला नाही. दर वेळी काही सुटलं, काही नवं जोडलं, आणि पुढच्याच्या हातात दिलं. हे सगळं करणारे कोणी मोठे नव्हते. मेंढ्या राखणारी माणसं.

खापरं संपली होती म्हणून जब्दीकडे गेले. त्याने चांगली मोठी दोन दिली. कडा ताज्या दिसत होत्या. म्हणाला, "भट्टीतून काढताना पडलं." एवढा जुना कुंभार आणि हाताला इतका ढिला कसा, कोण जाणे. गेल्या महिन्यातही दोन सुरया पडल्या म्हणाला.


निसान, दिवस दहावा

अब्बांनी कोकरू आणून दारात बांधलं. वर्षाच्या आतलं, नर, अंगावर डाग नाही. शास्त्राप्रमाणे आजच निवडायचं असतं. योहानाने कपडे वाळत घालायची दोरी तिथून सोडली आणि मागे नेऊन बांधली.

गावात दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात, तोबियाहने कापलं तर आम्ही त्याच्या अंगणात येऊ. अर्धे म्हणतात, कापलं तर त्याच्या घरचं पाणी पिणार नाही. योएझेरचे सोबती म्हणतात, दोघेही पापी. वेशीवरच्या रोमी चौकीतल्या शिपायाने कोकरू बघून जब्दीला विचारलं म्हणे, "लग्न आहे का कोणाचं?" जब्दी म्हणाला, "अजून ठरलं नाही." आणि हे मला सांगताना उगाच लाल झाला. शिपायांची भीती कोणाला वाटत नाही?

मला मात्र भीती वेगळीच वाटते. एकोणीस जणांचा मेळ होता. आता लोदमध्ये त्यातले नऊ उरलेत. ते नऊ जण दोन अंगणांत बसले, तर मग वल्हांडण राहिलंच काय?


निसान, दिवस बारावा

बायका घरं झाडतायत. खमीर लागलेलं काहीही घरात राहता कामा नये, रोजच्या भाकरीचा एक कणही नाही; सापडेल ते जाळायचं. मला हे काम आवडतं. माझ्या घरी मी भिंतीतल्या खिळ्यांची भोकंसुद्धा टोकरायची. मनाहेम म्हणायचा, "देवदूत खाली वाकून भोकात बघत नाही गं." मनाहेम माझा नवरा. पहिल्यांदाच लिहिलं त्याचं नाव. तम्मूज महिन्यात गेला, भुकेने. आधी आपला वाटा मला द्यायचा आणि म्हणायचा, मी खाल्लंय.

उद्या कसीयाचा कोपरा झाडायचा आहे.


निसान, दिवस चौदावा, सकाळ

घाईत लिहितेय.

काल कसीयाची चटई उचलली. खाली भाकरीचे तुकडे. उशीत तुकडे. भिंतीच्या भेगेत, वर माती लिंपून, तुकडे. पाण्याच्या जुन्या घागरीत तर तळ दिसत नव्हता. काही बुरसटलेले, काही दगडासारखे. सहा महिन्यांचे. कोंबड्यांना ती एकही तुकडा घालत नव्हती.

योहाना टोपली घेऊन आली, आत बघितलं आणि टोपली खाली ठेवली.

कसीया धावत आली आणि घागरीवर आडवी पडली. ओरडली नाही. नुसतं म्हणत राहिली, "हे माझं नाही. हे पुढचं आहे. हे पुढचं आहे."

मी काय सांगणार होते? की उद्या सण आहे म्हणून हे जाळायचं? तिच्यासमोर भाकरी जाळायची? त्या वेढ्यात चामड्याचे पट्टे उकळून खाल्लेत आम्ही. मी तिथेच खाली बसले, माझ्याच्याने काही होईना. शास्त्र एका बाजूला, पोर एका बाजूला.

मार्ग योहानाने काढला. म्हणाली, "जाळायचं उद्या दुपारच्या आत ना? तोवर खायला बंदी आहे का?"

"नाही."

"मग खाऊन टाकू."

आज उजाडल्यावर आम्ही चौघं अंगणात बसलो. बुरसटलेले कोंबड्यांना घातले. बाकीचे पाण्यात भिजवले, वर तेल आणि मीठ. अब्बांना दात नाहीत, ते चोखत बसले. योहानाने पहिला घास घेतला आणि कसीयाला म्हणाली, "पोरी, मीठ कमी आहे, पण हे तुझ्या मावशीच्या घरच्यापेक्षा बरंय." कसीया हसली. मग स्वतःच्या हाताने प्रत्येकाला वाढायला लागली. शेवटचा तुकडा संपला तेव्हा तिचं तोंड पुन्हा उतरलं. मी सांगितलं, "आज रात्री भाकरी होणार, आणि सात दिवस रोज होणार. बेखमीर. तिच्यातली हवी तेवढी तू ठेव, मी काढून घेणार नाही."

असं सांगायचा मला अधिकार आहे का, ठाऊक नाही. सांगितलं खरं.

अब्बा दगडावर सुरी घासतायत. आवाज इथपर्यंत येतोय.


निसान, दिवस सोळावा

सणाच्या मधल्या दिवसांत लिहावं की नाही? बाबा लिहीत नसत. पण हे आज लिहिलं नाही तर विसरेन.

चौदाव्या दिवशी दुपारी अब्बांनी कोकरू अंगणाच्या मधोमध आणलं. गल्लीतले सगळे भिंतीला टेकून उभे. कापू द्यायचं म्हणणारेही आणि अडवणारेही. योएझेर दाराबाहेर, अंगावर गोणपाट. सावली भिंतीच्या दुसऱ्या थरावर आली. मंदिरात याच घटकेला सुरुवात व्हायची.

अब्बांनी सुरी धरली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, तिथे आता काय चाललं असतं?"

"यात्रेकरूंचा पहिला जमाव आत गेला असता, अब्बा."

"मग?" हे जब्दी म्हणाला.

मी सांगितलं. जमाव आत गेला की दारं बंद व्हायची. कर्णा वाजायचा, लांब, मग तुटक, मग लांब. ज्याचं कोकरू त्यानेच कापायचं. याजक रांगेने उभे. एका रांगेच्या हातात सोन्याचे वाडगे, दुसरीच्या हातात चांदीचे.

"वाडग्यांना बूड असायचं का?" जब्दीने विचारलं. आता बघा, हा माणूस वीस वेळा तिथे जाऊन आलाय, स्वतः भांडी घडवतो, आणि त्याला हे आठवत नाही!

"नसायचं," मी म्हटलं. "खाली ठेवता येऊ नयेत म्हणून. रक्त थिजता कामा नये. एकाने भरायचा, दुसऱ्याकडे द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, असा वेदीपर्यंत. भरलेला जायचा, रिकामा परत यायचा. एकही हात रिकामा नाही."

"आणि ते लेवी, मंदिरातले गवई, काय गायचे?" पुन्हा जब्दीच.

"स्तुतिगीतं. संपली तर पुन्हा पहिल्यापासून."

"तू कधी आत गेली होतीस?" हे योहानाने विचारलं. खरंच विचारलं, तिला ठाऊक नव्हतं.

मग मी त्या वर्षाचं सांगितलं. जब्दीचा हात मोडला होता म्हणून कोकरू घेऊन मी आणि मनाहेम गेलो. गर्दीत माझी चप्पल गेली, आणि मनाहेम कोकरू सोडून चप्पल शोधायला वाकला. कोकरू निसटलं, आणि लेवी गाता गाता हसले. लोक हसायला लागले. मी पण. आणि मग मला पुढे बोलता येईना. कोणी घाई केली नाही. अब्बा कोकराच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. थोड्या वेळाने जब्दीच म्हणाला, "मग चप्पल सापडली का?" आणि मी पुन्हा सुरू झाले. दुसरा जमाव, तिसरा जमाव, शेवटी याजक अंगण पाण्याने धुवायचे ते. गच्चीगच्चीवरून भाजल्याचा वास, सगळं शहर गातंय, आणि एवढ्या माणसांत कोणाला जागा नाही असं कधी झालं नाही.

बोलायची थांबले तेव्हा भिंतीवर ऊन नव्हतं. सूर्य गेला होता. कापायची वेळ टळून गेली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्याने चौदा दिवस वाट बघितली आणि माझ्या बडबडीने त्याची घटका घालवली. मी म्हटलं, "अब्बा, मला भान राहिलं नाही."

अब्बांनी सुरीकडे बघितलं, मग तिला कापडात गुंडाळलं. चिडले नाहीत. म्हणाले, "तिथे जाऊन आल्यासारखं वाटलं." आणि गल्लीला ओरडून सांगितलं, "उभे काय राहिलात? आत या, आता पाय दुखतील!"

सगळे आले. कापणारेही आणि अडवणारेही. भांडायला आता काही उरलंच नव्हतं. कोकराने तेवढ्यात योहानाच्या टोपलीतली अर्धी कडू भाजी खाल्ली.

जेवणाचं काहीच ठरवलेलं नव्हतं. ताटात मधोमध कोकरू नसलं की काय कुठे ठेवायचं तेच सुचत नाही. मी भाकरी मधे ठेवली. बाजूला उरलेला कडू पाला, आणि खजूर, अक्रोड आंबट द्राक्षारसात कुटून केलेली ती चिखलासारखी चटणी. अब्बा म्हणाले, मिसरात उभ्याने खाल्लं, हातात काठी घेऊन, आपणही तसंच. जब्दी म्हणाला, गुलाम उभ्याने खातात, आज तरी उशीला टेकून खाऊ. अब्बांचे गुडघे दुखत होते म्हणून टेकायचं ठरलं.

द्राक्षारसाचा पहिला पेला झाला. मी भाकरी उचलली, पातळ, करपट, आणि कसीया एकदम ताठ बसली.

"मावशी, ही भाकरी अशी का?"

तिने भाकरीला बोट लावून बघितलं.

"रोज फुगलेली असते. आज अशी का? पाला कडू का? परत वेढा पडला का?"

मी अब्बांकडे बघितलं. घरात वडील ते. त्यांनी हनुवटीने मलाच खूण केली. जब्दी माझ्याकडे बघत होता. सगळे माझ्याकडे बघत होते. म्हणून मी बोलले, आणि बोलायला गेले तर थेट मिसरापासूनच सुरुवात करावी लागली.

"आपण फारोचे गुलाम होतो," मी म्हटलं. "विटा थापायचो. ही चटणी तो चिखल. हा पाला तेव्हाचं जगणं. मग परमेश्वराने आपल्याला बाहेर काढलं, आणि इतक्या घाईत निघालो की पीठ फुगायला सवड नव्हती. वेढ्यात आपण अशी भाकरी खाल्ली कारण आत अडकलो होतो. त्यांनी खाल्ली ती बाहेर पडताना."

तिने विचार केला. "मग आपण आता आत आहोत की बाहेर?"

उत्तर अब्बांनी दिलं. "बाहेर पडतोय, पोरी. अजून चाललोय."

दारात योएझेर उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. म्हणाला, "तिकडची राख अजून वाऱ्यावर उडतेय, आणि तुम्ही उशीला टेकून पिताय." त्याचा आवाज रागाचा नव्हता, म्हणूनच ऐकवेना.

योहानाने मान वर न करता सांगितलं, "भूक असेल तर आत येऊन जेव. नसेल तर दार लाव, पोरीला वारा लागतोय."

त्याने दार लावलं. आतून. उंबऱ्याशीच बसला, ताट घेतलं नाही. कडू पाला मात्र दोनदा मागून घेतला.

कसीयाने आपल्या भाकरीचे दोन तुकडे केले होते, एक खाल्ला आणि मोठा उशीमागे सरकवला. मी बघितलं, योहानानेही बघितलं. जेवण संपत आलं तेव्हा ती उठली. तो मोठा तुकडा काढला, सगळ्यांच्या मधून चालत उंबऱ्यापाशी गेली आणि योएझेरच्या पुढ्यात धरला.

"ही पुढची होती," ती म्हणाली. "तू खा. मावशी म्हणाली उद्या पण होणार आहे."

दाढीवाला, गोणपाटातला तो मुलगा. सहा महिन्यांत त्याला रडताना कोणी बघितलं नव्हतं. त्याने तुकडा घेतला आणि खाल्ला, सगळा.

मग जब्दीने स्तुतिगीत सुरू केलं. त्याचा आवाज फुटक्या घागरीसारखा आहे. आमच्यात एकही लेवी नव्हता. तरी आम्ही सगळी म्हटली, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून.


निसान, दिवस एकोणिसावा

मनात खटकतंय. आम्ही पाप केलं का? कोकरू नाही, वेदी नाही. नुसती भाकरी, पाला आणि बोलणं. नुसत्या बोलण्याने वल्हांडण होतं का? जब्दीला विचारलं. म्हणाला, "मला तर झाल्यासारखं वाटलं." हा कसला पुरावा?

पण एक सांगते. त्या नऊ जणांकडे मी बघत होते, आणि आणखी आलेल्या वीसेकांकडे. कोणाचा नवरा गेलेला, कोणाची मुलगी जहाजातून विकायला नेलेली. या माणसांपाशी फार तर दुःख करत बसायला कारण होतं. तरी ती धुतलेले कपडे घालून आली, टेकून बसली, आणि एका पोरीला मिसरातून बाहेर घेऊन आली. मी वीस वर्षं त्यांना वाढलं. त्यांच्यात एवढं बळ आहे, हे मला माझ्या गच्चीवर कधी दिसलं नव्हतं.


निसान, दिवस बाविसावा

सण संपला. योहानाने पीठ भिजवून ठेवलं. पाणी जास्त झालं होतं. मी काही बोलले नाही.

दुपारी शेजारच्या गिमजो गावातून एक माणूस आला, तिथला शिंपी. पाय धुळीने भरलेले. त्यांच्याकडे सणाला दोन तट पडून हाणामारी झाली म्हणे. कोणीतरी सांगितलं, लोदला तोबियाहच्या घरी सगळे एकत्र बसले. विचारायला आला होता, तुम्ही नेमकं काय काय केलं, आधी काय, मग काय.

मी म्हटलं, "अहो, तसं काही ठरवलेलं नव्हतं. जे सुचलं ते केलं."

"तरी पण. आधी पेला की आधी भाकरी?"

मला आठवेना. आत गेले तर जब्दी तिथेच बसलेला, त्याला सगळं क्रमाने पाठ होतं: पेला, पाला, भाकरी, मग मिसर, मग जेवण, मग गाणी. "आणि मधे कोणी काही विचारलं होतं ना?" शिंपी म्हणाला.

"पोरीने विचारलं, तो योगायोग," मी म्हटलं. "तुमच्याकडे कोणी विचारलंच पाहिजे असं काही नाही."

"विचारलंच पाहिजे!" कसीया कोपऱ्यातून म्हणाली. "नाहीतर सांगणार कोणाला?"

"आणि घरात लेकरूच नसेल तर?"

उत्तर योहानाने दिलं. "मग बायकोने विचारावं. ती नसेल तर माणसाने स्वतःला विचारावं. तोंड आहे ना?"

शिंप्याने मान डोलावली, बोटांवर मोजत सगळं दोनदा म्हणून घेतलं. लिहून देऊ का विचारलं, तर म्हणाला, नको, बोलायचंच आहे तर पाठच असलेलं बरं.

दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा मी त्याला बजावून सांगितलं, की हे फक्त या एका वर्षापुरतं आहे. पुढच्या वर्षी मंदिर उभं असेल, कोकरू असेल, लेवी गातील. मग हे मोडकंतोडकं कोणी आठवायचं कारण नाही. नाहीतर लोकांना वाटायचं हीच रीत.

तो हो म्हणाला. आणि वाटेला लागल्यावर मला ऐकू आलं, तो चालता चालता पुटपुटत होता: आपण फारोचे गुलाम होतो, आपण फारोचे गुलाम होतो.